चारही सारखे

बाहेर बर्फ पडतोय. मार्चचा दुसरा आठवडा लागला तरी विस्कॉन्सिनमधला हिवाळा हलायला तयार नाही. दादाच्या गॅरेजचं दार खालपर्यंत ओढलेलं आहे, कोपऱ्यात हीटर घरघरतोय आणि मधल्या टेबलावर एक इंजिन उकललेलं पडलंय. भुईमुगाची शेंग अंगठ्यानं दाबून उकलावी तसं. आत दाण्यांच्या जागी बेअरिंगची घरं. मी एक फोल दोन्ही हातांनी उचलतो आणि हात अंदाजापेक्षा वरच जातात, इतकं ते हलकं आहे.

"मॅग्नेशियम," दादा म्हणतो. "ओतकाम बघ. चौसष्ट सालचं आहे. आज कुणी असं ओतून दाखवावं."

दादा फाउंड्रीतला माणूस. तीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून इकडच्या फाउंड्रीत आला, तो इथलाच झाला. मी मात्र शिवाजी उद्यमनगर सोडलं नाही. वडिलांनी घातलेलं रिबोअरिंगचं वर्कशॉप चालवतो. शेतातल्या पंपाचं एअर कूल्ड डिझेल, बुलेट, जुन्या स्कूटर, अशी हवेवर थंड होणारी इंजिनं मी शाळेत असल्यापासून खोलत आलोय. पण शर्यतीचं इंजिन बांधताना बघायची ही पहिलीच वेळ. त्यासाठीच तर एवढ्या थंडीत आलोय.

टेबलाच्या पलीकडे पुतणी उभी आहे. बावीस वर्षांची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. केस घट्ट बांधलेले, अंगात वडिलांचा जुना कोट, हातात निळे रबरी मोजे. गाडी तीच चालवते. गेल्या मोसमात तिनं जुनी घेतलेली गाडी जुन्याच इंजिनावर पळवली. या वेळचं इंजिन ती स्वतः बांधणार. दादा नुसता बघणार, मीही. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ खुर्ची ओढून बसलेत. चाळीस वर्षं या एकाच जातीची इंजिनं बांधण्यात गेली त्यांची. ते फारसं बोलत नाहीत. मध्येच मान हलवतात, तेवढंच.

"काका, तू वजनं लिहून घे," ती मला वही देते.

काट्यावर पहिला पिस्टन ठेवते. मग दुसरा. तिसरा, चौथा. आकडे दशांश ग्रॅमपर्यंत. चौघांत जो हलका, त्याच्या बरोबरीला बाकीचे तिघे आणायचे. पिस्टनच्या आतल्या बाजूनं, जिथं ताकदीला धक्का लागणार नाही अशा जागी, ती अगदी थोडं थोडं घासते, ब्रश मारते, परत काट्यावर ठेवते. एकाला सात वेळा ठेवलाय. मी मोजतोय. शेवटी चौघांत अर्ध्या ग्रॅमचाही फरक उरत नाही. मग कनेक्टिंग रॉड. त्यांचं नुसतं एकूण वजन करून भागत नाही. मोठं तोंड वेगळं, लहान तोंड वेगळं तोलायचं, कारण एक टोक गोल फिरतं आणि दुसरं मागंपुढं धावतं. दुपारचे बारा वाजून जातात. अजून एक नटसुद्धा आवळलेला नाही.

हे इंजिन म्हणजे जुन्या बीटल मोटारीचं. बोअर ७७ मिलिमीटर, स्ट्रोक ६४. सिलिंडर चार, समोरासमोर आडवे. एकूण ११९२ सीसी. कारखान्यातून निघालं तेव्हा ते ४० हॉर्सपॉवरचं होतं. याच इंजिनावर, याच गाडीच्या गिअरबॉक्सवर, पुढच्या अॅक्सलवर आणि ड्रम ब्रेकवर एका माणसाची उघड्या चाकांची शर्यतीची गाडी उभी करायची, या प्रकाराला फॉर्म्युला व्ही म्हणतात. फ्लोरिडातल्या ह्यूबर्ट ब्रंडेज या फोक्सवॅगन विक्रेत्याच्या डोक्यात ही कल्पना आली आणि पहिली गाडी त्यानं इटलीतल्या नार्दीकडून करून घेतली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबनं तो रीतसर वर्ग म्हणून मान्य केला. हेतू सरळ होता. नोकरी-धंदा करणाऱ्या साध्या माणसाला शनिवार-रविवारी शर्यत करता यावी. ड्रायव्हरसकट गाडीचं वजन १,०२५ पौंडांच्या खाली जायचं नाही. कार्ब्युरेटर एकच, तोही मूळचा, सोलेक्सचा २८ क्रमांकाचा. कॅम मूळचा, वॉल्व्ह मूळ मापाचे. पैसे ओतून वेग विकत घेता येऊ नये म्हणून केलेले हे नियम.

आणि या साध्या गाडीतून माणसं कुठल्या कुठं गेली! ब्राझीलमध्ये एमर्सन फिटिपाल्डी, ऑस्ट्रियात निकी लाउडा, फिनलंडचा केके रोझबर्ग, सगळे आधी हीच गाडी चालवून पुढं फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले. पुतणीच्या टूलबॉक्सच्या झाकणावर यांपैकी कुणाचाही फोटो नाही. तिथं टॉर्कच्या आकड्यांचा तक्ता चिकटवलाय.

जेवायला वहिनी हाक मारतात. पिठलं-भाकरी झाल्यावर त्या ओव्हन उघडतात आणि पुतणीला म्हणतात, "तुझी चाकी घालायची ना यात? घाल. पण नंतर ओव्हन पुसून दे." क्रँकशाफ्टवरचं टायमिंग गिअर इतकं घट्ट बसतं, की थंड असताना ते ठोकून घालायचं म्हणजे शाफ्टचा नाश. ते तापवायचं, तापलं की फुगतं आणि आपोआप जागेवर सरकतं. आमच्याकडे वडील हेच तेलाच्या कढईत तापवून करायचे. इथं ओव्हन आहे, एवढाच फरक.

पण गिअर चढवण्याआधी तीन नंबरचं बेअरिंग शाफ्टवर ओवावं लागतं, कारण ते अखंड कड्यासारखं आहे, नंतर आत जाणार नाही. त्याच्या अंगावर एक भोक असतं. क्रँककेसमध्ये एक बारीक पिन उभी असते, ती त्या भोकात बसते, म्हणून बेअरिंग जागच्या जागी फिरत नाही. भोक मधोमध नसतं, एका कडेला असतं, आणि ती कड फ्लायव्हीलच्या बाजूला यायला हवी. उलटं घातलं आणि वर गिअर बसवलं, की सगळं परत खेचून काढा.

"भोक कुठल्या बाजूला?" शेजारचे गृहस्थ पहिल्यांदाच तोंड उघडतात.

"फ्लायव्हीलकडं," ती बेअरिंग त्यांच्यापुढं धरून दाखवते. ते मान हलवतात.

चिमट्यात धरून आणलेलं तापलेलं गिअर शाफ्टवर येतं आणि काही न करता, नुसत्या वजनानं खाली उतरतं. टक्. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. लहानपणी आवाजावरूनच वडील सांगायचे, बसलं की नाही ते.

दुपारचा मोठा वेळ हेडमध्ये जातो. हेड अॅल्युमिनियमची. प्रत्येक हेडमध्ये दोन सिलिंडरांच्या ज्वलनाच्या खोल्या. त्या खोल्यांत किती मावतं, हे चौघांचं सारखं हवं. स्पार्क प्लग आणि वॉल्व्ह लावून हेड उलटं ठेवलंय. तोंडावर ग्रीस लावून काचेसारखी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दाबून बसवलीय, तिला एक बारीक भोक. वर स्टँडला लॅबमधली ब्युरेट. लाल रंग घातलेला पातळ द्रव थेंबाथेंबानं आत सोडायचा. हवेचा शेवटचा बुडबुडा भोकातून निसटला, की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा.

हे मी जवळून बघतो. लाल रंग वॉल्व्हच्या कडेकडेनं पसरतो. बुडबुडा एका बाजूला अडकून बसतो. पुतणी हेड अर्ध्या अंशानं कलतं करते. बुडबुडा हलतो, सरकतो, भोकापाशी येतो आणि फुटतो. तिनं श्वास धरलेला असतो, तो सोडते. मी आकडा लिहितो. असं चार वेळा. दोन नंबरची खोली बाकीच्यांपेक्षा किंचित लहान निघते. ती कुठं जास्त माल आहे ते बोटानं चाचपते आणि बारीक दगडानं तिथं हात फिरवते. परत ग्रीस, परत पट्टी, परत लाल थेंब.

माझ्याकडं दिवसाला तीन-तीन इंजिनं येतात. गिऱ्हाईक दारात उभं असतं, उसाचा हंगाम चालू असतो, पंप बंद असतो. तिथं असं करता येत नाही आणि करायची गरजही नसते. पण हे बघताना वाटतं, की आपण ज्याला 'फिटिंग' म्हणतो त्याची शेवटची पायरी ही असावी. इथं सगळ्यांचं इंजिन एकच. मग पुढं कोण जाणार? ज्याचे चारही सिलिंडर खरोखर सारखं काम करतात तो. एखादा सिलिंडर जरासा कमी ओढत असेल, तर बाकीचे तीन त्यालाही ओढत नेतात. या ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनातून चांगले बांधणारे ६० च्या आसपास काढतात. ती वरची वीस काही कुणाच्या गुपितातून येत नाही. अशा दुपारींतून येते.

हेड बाजूला ठेवायच्या आधी ती एक काम करते, ज्याची मी वाटच बघत होतो. बारीक कानस घेऊन ती पात्यांच्या फटीत घालते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा जीव या पात्यांत असतो. ओतकाम करताना साच्याच्या जोडावर धातूचा पातळ पापुद्रा राहतो, तो दोन पात्यांमधली वाट बुजवतो. वरून दिसत नाही. एक्झॉस्ट वॉल्व्हच्या जवळ, जिथं सगळ्यात जास्त उष्णता, नेमका तिथंच तो असतो. ती टॉर्च लावते, हेड उजेडासमोर धरते. जिथून उजेड आरपार येत नाही तिथं कानस. किस पडतो. ती परत धरते. आता उजेड दिसतो.

"जिथून उजेड जातो तिथून वारा जातो," मी म्हणतो.

"हे आजोबा म्हणायचे?" ती विचारते.

"हो. बुलेटचं हेड धरून."

रस्त्यावरच्या बीटलमध्ये या इंजिनाला मोठा पंखा असतो, पत्र्याच्या खोळीत बसवलेला, पट्ट्यावर फिरणारा. त्या खोळीतच ऑइल कूलर उभा असतो आणि तो तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाऱ्यात आडवा येतो, म्हणून रस्त्यावरच्या गाडीत तीन नंबर सगळ्यात तापतो. जुने मेकॅनिक आधी त्याचाच वॉल्व्ह तपासतात. शर्यतीच्या गाडीत पंखा काढून टाकलेला. पंखा फिरवायला लागणारी ताकद वाचते. गाडीच्या वेगानं येणारा वारा सिलिंडरवर घ्यायचा. म्हणजे गाडी पळते तोवर ठीक. सुटायच्या रेषेवर उभं राहिलं, की इंजिन भाजायला लागतं. पाणी नाही, रेडिएटर नाही. आहे ते वारं आणि अडीच लिटर तेल.

पाच वाजता ती म्हणते, "आता मिटवूया."

डाव्या फोलात क्रँकशाफ्ट उतरतो. त्याच्या शेजारी कॅमशाफ्ट. कॅमच्या गिअरवर एक ठिपका आहे, क्रँकच्या गिअरवर दोन. तो एक या दोघांच्या मध्ये यायला हवा. दादा वाकून बघतो, गृहस्थ वाकून बघतात, मी बघतो. बरोबर. उजव्या फोलातले टॅपेट खाली पडू नयेत म्हणून ग्रीस लावून चिकटवलेत. दोन फोलांमध्ये गॅस्केट नसतं. धातूवर धातू बसतो, मध्ये नुसता सीलंटचा पातळ हात. ब्रश घेऊन ती तो हात फिरवते, इतका पातळ की खालचा धातू दिसावा. मग वरचं फोल सावकाश खाली येतं.

मधले सहा मोठे नट. त्यांना शेवटी २५ फूट-पौंड लावायचे. ती एकदम लावत नाही. आधी दहा. एका हातानं टॉर्क रेंच, दुसऱ्या हातानं क्रँक फिरवून बघते. फिरतोय. मग पंधरा. क्रँक फिरवते. थांबते.

मला म्हणते, "काका, तू फिरव."

मी मोजे काढतो. मोज्यातून हे कळत नाही. क्रँकच्या टोकाला हात लावून फिरवतो. फिरतो, पण एका ठिकाणी हात जड होतो. अडकत नाही, जड होतो. चांगल्या दरवाजाची बिजागरी पावसाळ्यात जड होते तेवढाच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नवं आहे, सुटेल.

"दादा, जड लागतंय."

दादा फिरवतो. काही बोलत नाही, गृहस्थांकडं बघतो. ते उठतात, फिरवतात आणि मान हलवतात, या वेळी आडवी.

"उघडते," ती म्हणते. सीलंट लावून दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. कुणी हूं की चूं करत नाही. नट सैल होतात, फोल वर येतं. चार नंबरचं बेअरिंग, मागच्या टोकाचं लहान कडं, पिनवरून किंचित सरकलेलं. भोकाच्या कडेला पिनचा ठसा उठलाय. नखाएवढाही नाही, पण आहे.

आता ती कारण शोधायला बसते, आणि मला तिचं हेच आवडतं. अखंड कड्यांची बेअरिंग तिनं रिकाम्या फोलात आधी पिनवर बसवून, फोलाच्या काठाला लागून प्रत्येकावर मार्करनं रेघ मारली होती. क्रँकसकट ठेवताना रेघ काठाशी जुळली, की भोक पिनवर आलं समजायचं, कारण तेव्हा पिन दिसत नाही. एक आणि तीनच्या रेघा आहेत. चारची रेघ अर्धी पुसलेली. सकाळी क्रँक पुसताना स्पिरिटचं फडकं त्यावरून गेलं होतं. उरलेला डाग तिनं रेघ समजून जुळवला.

"फडकं मीच मारलं होतं," दादा म्हणतो.

"जुळवलं मी," ती म्हणते.

एवढ्यावर तो विषय संपतो. ठसा उठलेलं बेअरिंग मी हातात फिरवून बघतो. आतल्या, शाफ्टकडच्या बाजूला काहीच नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये असतं तर पाठीवरचा उंचवटा कानसनं काढून बसवलं असतं आणि ते पंपाला दहा वर्षं चाललं असतं. मी तसं बोलून दाखवतो. पुतणी गृहस्थांकडं बघते. ते म्हणतात, "साडेसहा हजार फेऱ्यांवर तुला त्याची आठवण येणार असेल, तर बसवू नकोस." उठतात, कोट घालतात, बर्फातून पलीकडं जातात आणि पंधरा मिनिटांनी मेणकागदात गुंडाळलेला बेअरिंगचा डबा घेऊन येतात. त्याच मापाचा. डब्याचा पुठ्ठा पिवळा पडलाय, बेअरिंगवर तेलाचा थर तसाच. पैशाचं विचारल्यावर हातानंच नको म्हणतात.

त्या रात्री कुणी घाई करत नाही. नवी बेअरिंग मोजली जातात. ५५ मिलिमीटरच्या जर्नलवर मायक्रोमीटर परत फिरतो, आडवा आणि उभा. नव्या रेघा मार्करनं मारत नाहीत. ती टोकदार सळईनं, अगदी अलगद, ओरखडा काढते. तो पुसला जाणार नाही.

रविवारी सकाळी नऊला फोल परत मिटतं. दहा, पंधरा, वीस, पंचवीस. प्रत्येक वेळी ती क्रँक माझ्यापुढं करते. पंचवीसला मी फिरवतो आणि तो हातातून सुटल्यासारखा फिरत राहतो. मला बोलायची गरज पडत नाही. ती माझ्या चेहऱ्याकडं बघून पुढचा नट घेते.

फ्लायव्हील. त्याच्या मागं तीन पातळ चकत्या असतात; त्यांची जाडी निवडून क्रँकची पुढंमागं हालचाल ठरवायची. ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर, त्याच्या आत. डायल गेज लावून ती ०.०९ वर आणते, तीन चकत्या चार वेळा बदलून. मग पिस्टन, रिंगा, सिलिंडर, हेड, पुशरॉडच्या नळ्या. नळ्यांना जोडाची शिवण असते, ती वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे पुढं-मागं तिथून तेल पाझरलं तरी खाली ओघळत नाही. टॅपेटला सहा थाऊची फट, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. हे सगळं भराभर होतं. पाया बरोबर बसल्यावर भिंतीला वेळ लागत नाही.

मॅनिफोल्ड मात्र ती कापडात गुंडाळून वेगळी आणते. एका कार्ब्युरेटरमधून निघून दोन्ही बाजूंच्या हेडपर्यंत जाणारी लांब नळी. सगळी हवा याच एका वाटेनं आत जाते, म्हणून या वर्गात सगळ्यात जास्त चर्चा हिचीच. बाहेरून कुठलीही जुनी नळी वाटते.

मला राहवत नाही म्हणून विचारतो, "नियमाबाहेर कुणी काही केलं, तर कळतं का?"

"शर्यत संपली, की पुढच्या नंबरांच्या गाड्या तपासणीच्या शेडमध्ये जातात," दादा सांगतो. "राष्ट्रीय स्पर्धेत तर हेड काढतात, कॅम मोजतात. सगळ्यांसमोर."

"आणि कुणी बघणार नसेल तर?" मी मुद्दामच.

पुतणी मान वर करून म्हणते, "मग जिंकल्यावर मला काय कळणार, मी जिंकले की नळी?"

कोल्हापूरला शर्यतीचं वेड कमी नाही. मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या, गो-कार्टचा ट्रॅक झाला, आमच्या भागातली मुलं परदेशात जाऊन गाडी चालवून आली. पण त्या वाटेवर जायचं तर घरात पैसा लागतो. आणि ज्यांच्या हातात कसब आहे, ती मुलं माझ्यासारख्यांच्या वर्कशॉपमध्ये रॉकेलनं पार्ट धुतात. ज्या उद्यमनगरात जुन्या कारागिराचं, म्हादबा मेस्त्रींचं, नाव आजही हात जोडून घेतात, तिथं शंभर पोरं अशी मिळतील, जी एक जुनं, स्वस्त, सगळ्यांना सारखं इंजिन घेऊन ही शनिवार-रविवारची साधना करतील. बीटलच हवी असं नाही. आपल्याकडं जे भंगारात टनानं पडलंय, त्यातलं एखादं निवडा, त्याभोवती चार पानांचे नियम लिहा, तपासायला एक खमका माणूस बसवा. ही गोष्ट मी परत गेल्यावर आमच्या असोसिएशनच्या बैठकीत मांडणार आहे, आणि मांडत राहणार आहे.

संध्याकाळी इंजिन लोखंडी स्टँडवर चढतं. गॅरेजचं दार वर जातं, थंडी आत घुसते. इंजिनाला स्वतःचा पंखा नाही, म्हणून कारखान्यात असतो तसला मोठा गोल पंखा समोर आणून ठेवलाय. आधी चारही प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, तेलाचा दाब येईपर्यंत. सगळ्यांचे डोळे गेजच्या काट्यावर. पाच सेकंद. दहा. काटा पडून आहे. माझ्या पोटात गोळा येतो. मग तो थरथरतो आणि उठतो. वहिनी दारात येऊन उभ्या आहेत, खांद्यावर शाल, हातात फोन. प्लग बसतात. १-४-३-२, त्याच क्रमानं वायरी.

ती स्टार्टर दाबते. एक खोकला. दुसरा. आणि इंजिन पेटतं.

त्या आवाजाला मी तयार नव्हतो. बुलेटसारखा ठोका नाही, डिझेलसारखी धडधड नाही. चार जणांनी एकाच सुरात म्हणावं तसा सपाट, कोरडा, अखंड आवाज. ती दोन हजार फेऱ्यांवर नेऊन ठेवते. वीस मिनिटं तिथंच, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांना घासून बसतील. दादा स्टँडला हात लावून थरथर बघतो. गृहस्थ डोळे मिटून कान देतात. मी तापमापकानं एकेका सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान घेतो आणि वहीत लिहितो. चारही आकडे एकमेकांच्या जवळ जवळ येत जातात, तीन नंबरचासुद्धा.

वीस मिनिटं झाल्यावर ती चावी फिरवते. शांतता. गरम धातू थंडीत टकटक वाजतोय. कुठं तेल पाझरलंय का ते ती टॉर्च घेऊन, गुडघ्यांवर बसून, खालून बघते. बराच वेळ बघते.

"कोरडं आहे," ती म्हणते.

एल्कहार्ट लेकचा ट्रॅक इथून वीस मिनिटांवर आहे. १९५० ते १९५२ या काळात इथल्या शर्यती गावाभोवतालच्या साध्या रस्त्यांवर झाल्या, मग त्या बंद पडल्या, आणि १९५५ मध्ये हा कायमचा ट्रॅक उभा राहिला. चार मैलांचा, १४ वळणांचा. आज तो बर्फाखाली आहे. मोसम उघडायला अजून दीड-दोन महिने आहेत. त्याआधी इंजिन गाडीत चढेल, तेल बदलेल, टॅपेट परत तपासले जातील. टॅपेटसाठी इंजिन रात्रभर थंड व्हायला हवं. पुतणीनं मला सकाळी सहाला उठवायला सांगितलंय.